फ्रीजरमधल्या दोन पोळ्या

आमच्या मशिदीच्या कमिटीने मला सांगितलं, पेसाहच्या सणापासून माणसाने काय शिकावं यावर तुम्ही लिहा, तुम्ही जुने आहात. जुना आहे हे खरं. शिकलेला नाही. रेवदंड्याकडच्या एका गावात चौथीपर्यंत गेलो, मग मुंबईला आलो आणि मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर उभा राहिलो तो रिटायर होईपर्यंत. मी त्यांना म्हटलं, मला शिकवण-बिकवण लिहिता येणार नाही. यंदा तर मुळीच नाही, कारण यंदाचा पेसाह मला कळलाच नाही. ते म्हणाले, मग तेच लिहा. म्हणून लिहितो.

बाहेरचं कोणी वाचत असेल तर त्याला आधी सांगतो. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. घरात मराठी बोलतो आणि सिनेगॉगला आम्ही जुनी माणसं मशीदच म्हणतो. पेसाह हा आमचा सुटकेचा सण. मिसर देशात आमचे पूर्वज राजाचे गुलाम होते, विटा पाडत होते. देवाने त्यांना सोडवलं. निघताना इतकी घाई झाली की मळलेलं पीठ फुगायलासुद्धा थांबता आलं नाही, तशीच भाकरी भाजून घेतली. त्याची आठवण म्हणून सणाचे आठ दिवस पाव नाही, चपाती नाही, बिस्कीट नाही. बिनखमिराची भाकरी खायची, भात खायचा. नुसतं खायचं नाही असं नाही, घरात ठेवायचंसुद्धा नाही. सणाच्या आधी सगळं घर झाडून, पुसून, डबे उपडे करून गव्हाचा कण राहिला नाही ना ते बघायचं आणि जे सापडेल ते बाहेर काढायचं.

हे सगळं बायको बघायची. मी माळ्यावरून सणाच्या भांड्यांचं गाठोडं उतरवून द्यायचो आणि मग तिच्या पायात येऊ नये म्हणून खाली कट्ट्यावर जाऊन बसायचो. ती म्हणायची, जा, मिसरातून तुम्हीच पहिले सुटा.

ती गेली होळीनंतर. आमचा पुरीमचा सण होळीच्याच सुमाराला येतो. त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी असते, खालच्या मजल्यावरही असते, सगळ्या बिल्डिंगला एकच वास. यंदा तिला उभं राहवत नव्हतं तरी ओट्याजवळ स्टूल घेऊन बसली आणि पोळ्या लाटल्या. मी म्हटलं, विकत आण ना गं, दुकानात मिळतात. तर म्हणाली, दुकानातल्या तुम्ही खा. आम्ही खाल्ल्या, दोन उरल्या. त्या तिने तिच्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यात घातल्या, झाकणावर तिचं नाव कोरलेला तो डबा, आणि फ्रीजरमध्ये ठेवल्या. कोणासाठी ठेवल्या ते बोलली नाही. मी विचारलं नाही. घरात असं काहीतरी ठेवलेलं असतंच, पुरुष कुठे विचारतो.

आठवडा झाला नाही तोवर एका दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. जमलेले लोक म्हणाले, बरं झालं, हाल नाही झाले, सुटली. मला कळेना की ही कशातून सुटली. तिला कोणी बांधून ठेवलं होतं? का माझ्यातून सुटली? तसं असेल तर तसं सांगा.

आमच्यात सात दिवस जमिनीवर बसायचं असतं, आणि तीस दिवस सुतक पाळायचं, दाढी करायची नाही. सात दिवस बसलो. त्यानंतर मला बरं वाटायला लागलं असं नाही, पण काय करायचं ते ठरलेलं होतं. दाढी वाढत होती, लोक बघून ओळखत होते, लिफ्टमध्ये कोणी जास्त बोलत नव्हतं. झकास चाललं होतं म्हणत नाही, पण चाललं होतं.

मग पेसाह जवळ आला तेव्हा हज्जानचा फोन आला. हज्जान म्हणजे मशिदीत प्रार्थना चालवतो तो. माझ्या मुलीच्या वयाचा आहे, शिकून आलाय, चांगला आहे. म्हणाला, अंकल, सणाच्या आदल्या दिवशी दाढी करून टाका.

मी म्हटलं, माझे तीस दिवस कुठे झालेत?

म्हणाला, सण मधे आला की सुतक तिथेच संपतं, तसा कायदाच आहे. सुटकेचा सण आहे, त्यात शोक चालत नाही. तुम्ही आता मोकळे.

फोन ठेवला. मोकळा म्हणजे काय? मला कोणी विचारलं का, मोकळा व्हायचंय का म्हणून? गुलामांना तरी सुटायचं होतं. मी तर त्या वाढलेल्या दाढीला धरून बसलो होतो.

दोन दिवसांनी मुलगी आली. ती मुलुंडला राहते, जावई फिरतीवर असतो. सेदेर, म्हणजे सणाची पहिल्या संध्याकाळची पूजा आणि जेवण, यंदा माझ्याकडेच करायचं असं तिने ठरवलं होतं. मी म्हटलं, करू नकोस. ती म्हणाली, पप्पा, आईच्या घरात पेसाह झाला नाही असं होणार नाही. मग तिने कंबर कसली. पिठाचे डबे रिकामे, रवा, मैदा, टोस्ट, सगळं पिशव्यांत भरून कचरा नेणाऱ्या बाईला दिलं. गॅसच्या खाली ब्रश घालून घासलं. मी माळ्यावरून गाठोडं उतरवलं. त्याला बायकोने मारलेली गाठ होती, गेल्या वर्षीची. ती सोडायला मला वेळ लागला. मुलगी म्हणाली, कात्री देऊ? मी म्हटलं, तू तुझं काम कर.

संध्याकाळी तिने फ्रीज साफ करायला काढला. फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या पिशवीखाली तो डबा सापडला. उघडला आणि तशीच उभी राहिली. मी बाहेरून विचारलं, काय गं? आत जाऊन बघितलं तर दोन पोळ्या, एकमेकींना चिकटलेल्या, कडेला बर्फ धरलेला. एकीच्या काठाला पुरण बाहेर आलेलं. बायकोच्या पोळ्यांचं तसं व्हायचंच नाही, पण यंदा हात थरथरत होता.

मुलगी म्हणाली, पप्पा, खाऊन टाका.

मी म्हटलं, नाही.

"मग आपण दोघं एकेक खाऊ. आजच. उद्यापासून चालणार नाहीत घरात."

"मग काय राहील?"

ती म्हणाली, म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे काही नाही, ठेव तो डबा परत. ती म्हणाली, गव्हाच्या आहेत, ठेवता येणार नाही. मी म्हटलं, यात खमीर कुठे आहे? पोळी फुगवतात का पावासारखी? आणि मी हज्जानला फोन लावला, कारण मला वाटलं मी बरोबर आहे.

हज्जान म्हणाला, अंकल, गव्हाच्या पिठाला पाणी लागलं आणि वेळ गेला की झालं, फुगो न फुगो. मी म्हटलं, माझी आई सांगायची, आपले जुने लोक कोकणात होते तेव्हा त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, हज्जान नव्हते. या सणाला ते अनाशी ढाकायचा सण म्हणायचे. अनाशी म्हणजे आंबट रसाची बरणी, जेवताना तोंडी लावायला असायची, तळाला थोडं ठेवून वर नवीन घालत जायचं. सणाला ती बरणी फक्त झाकून ठेवायचे. टाकायचे नाहीत. आठ दिवस हात लावायचा नाही, बस. मी पण डबा झाकून ठेवतो.

हज्जान म्हणाला, अंकल, त्यांना माहीत नव्हतं. ते अडाणी होते.

"मी पण अडाणीच आहे."

तो हसला. मी हसलो नाही. मग त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण तो हळू बोलायला लागला. म्हणाला, टाकू नका मग. आपल्या धर्माचा नाही अशा कोणाला देऊन टाका. पण एक सांगतो, देऊन टाका म्हणजे देऊन टाका. आठ दिवसांनी परत घेईन, जपून ठेव, असं सांगून दिलंत तर ते मनाने तुमच्याच घरात राहिलं. ते त्यांचं झालं पाहिजे.

हे मला त्या वेळी बरं वाटलं, का ते आता सांगतो. समोरच्या दारात एक बौद्ध कुटुंब राहतं. मूळचे जालन्याकडचे. आमची जुनी चाळ होती तेव्हापासून शेजारी आहेत, बिल्डिंग झाली तरी दारं समोरासमोरच मिळाली. घरातली बाई महापालिकेच्या शाळेत नोकरी करते, नवरा बेस्टमध्ये, आणि तिची सासू, माझ्याहून मोठी, दात नाहीत, ऐकायला कमी येतं, दिवसभर दाराजवळच्या खाटेवर. माझी बायको आजारी पडायची तेव्हा हीच शेजारीण आमच्यासाठी भात लावून द्यायची. मला वाटलं, हिला देतो. मी काही बोलणार नाही, म्हणजे नियम मोडणार नाही. पण ती समजून घेईल. फ्रीजरमध्ये ठेवेल. आठ दिवसांनी डबा घेऊन येईल. असं माझ्या मनात होतं, आणि मनात काय आहे ते देवाला दिसतं हे मला माहीत असूनही होतं.

आमचा सण संध्याकाळी लागतो, त्या दिवशी सकाळी दाढी केली. मुलीने ब्लेड नवीन आणून ठेवलं होतं. आरशात बघितलं तर कोणीतरी म्हातारा, गालांवर घड्या पडलेल्या. मग डबा घेऊन समोर गेलो. शेजारीण शाळेत निघण्याच्या घाईत होती. खालच्या गेटवर पोरं जयंतीचे निळे झेंडे बांधत होती, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. मी डबा पुढे केला. म्हटलं, पोळ्या आहेत. हिच्या हातच्या. आजपासून आमच्यात चालत नाहीत. आता या तुझ्या.

तिने डबा घेतला, झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवला. म्हणाली, काका, तुमच्या लक्षात राहिलं. मला वाटलं, ती सणाबद्दल म्हणतेय. मी मान हलवली आणि परत आलो. अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. सांभाळायची जबाबदारी दुसऱ्याकडे गेली, असं. सुटका म्हणजे हीच असेल तर बरी आहे, असंसुद्धा वाटलं.

घरात आल्यावर ते म्हणायचं असतं ते म्हटलं, की माझ्या घरात नजरेतून सुटलेलं जे काही खमीर असेल ते धूळ समजावं, माझं समजू नये. तोंडाने म्हटलं.

दिवे लागल्यावर सेदेरला बसलो. मुलगी, तिची कॉलेजात जाणारी मुलगी आणि मी. पांढरी चादर, मधे ताट. ताटात भाकरी, कडू पाला, मिठाचं पाणी, उकडलेलं अंडं आणि हलेक. हलेक म्हणजे खजूर शिजवून, फडक्यातून गाळून घट्ट केलेला रस. तो विटा जोडायच्या गाऱ्याची आठवण म्हणून असतो, पण लागतो गोड. हे मला कधीच कळलं नाही, गुलामीची आठवण आणि बोटं चाटायची. दारूऐवजी आमच्याकडे काळ्या मनुकांचं शरबत. बायको मनुका दोन दिवस भिजवायची, मुलीने एकच दिवस भिजवल्या होत्या, पाणचट झालं होतं.

वाचायला मी बसलो. सुरुवातीलाच एक जागा येते, जो भुकेला असेल त्याने यावं आणि आमच्याबरोबर जेवावं अशा अर्थाची. बायको तिथे उठून दार उघडायची ते शेवटपर्यंत उघडंच ठेवायची. खरं तर एलियाहू नबी त्या रात्री घरोघरी येतो म्हणतात, त्यासाठी दार मागाहून उघडतात, पण ती म्हणायची, भुकेल्याला बोलवायचं आणि दार लावून बसायचं, हे काय बोलावणं झालं? आणि वाराही येतो. यंदा मुलीने उठून दार उघडलं. आरेच्या जंगलाच्या बाजूचा वारा आला.

मग प्रश्न. घरातल्या सगळ्यात लहानाने विचारायचं की आजची ही रात्र वेगळी का. नातीने विचारलं. मोठ्याने उत्तर द्यायचं, की आम्ही गुलाम होतो. प्रत्येकाने असं समजायचं की आपण स्वतः तिथून सुटून आलो. माहीत असलं तरी सांगायचं, शहाणा असला तरी सांगायचं, दर वर्षी सांगायचं. मी वाचत होतो आणि माझ्या डोक्यात गोंधळ वाढत होता. हे बघा, एकीकडे सांगतात, हजारो वर्षांपूर्वी जे झालं ते विसरू नकोस, त्याचं कडू खा, त्याचं खारं पाणी पी. आणि दुसरीकडे सांगतात, तुझी बायको गेली त्याला महिनाही झाला नाही, तरी ते आता पुरे, दाढी कर. मग आठवायचं का विसरायचं? एक काहीतरी ठरवा ना. माझ्याजवळ तेवढी बुद्धी नाही.

मग संकटांची जागा आली. मिसरवर जी संकटं आली ती एकेक वाचायची आणि प्रत्येकाला शरबताचा एक थेंब बोटाने बाहेर टाकायचा. कारण दुश्मन असला तरी माणूस मेला, तेवढा आपला आनंद कमी. हे मात्र मला नेहमी पटतं. नात बोटाने थेंब टाकत होती, इतक्यात दारात शेजारीण उभी राहिली. हातात तोच डबा.

मी डब्याकडे बघितलं. ती म्हणाली, पूजा चाललीय का, मग येते नंतर, फक्त डबा द्यायचा होता. मुलगी म्हणाली, ये ना गं आत. ती आत आली, डबा माझ्यासमोर पांढऱ्या चादरीवर ठेवला आणि झाकण उघडलं. आत रव्याचे लाडू होते, जयंतीसाठी केलेले, वर काजू लावलेले. आपल्याकडे कोणी कोणाचा डबा रिकामा परत करत नाही.

मुलीचा हात तोंडाकडे गेला. रवा म्हणजे गहू. दोन दिवस घासलेलं घर, आणि सेदेरच्या चादरीवर रव्याचे लाडू. पण मला लाडू दिसत नव्हते.

मी म्हटलं, "पोळ्या कुठेत?"

"खाल्ल्या की, काका. सासूबाईंनी. दुपारी दुधात कुस्करून दिल्या, दोन्ही खाल्ल्या."

"कोणी सांगितलं खायला?"

नात थेंब टाकलेलं बोट तसंच धरून बसली होती. शेजारीण म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना सकाळी, आता या तुझ्या. मी म्हटलं, म्हणालो, पण खायला नव्हत्या त्या. ती म्हणाली, मग पोळ्या काय करायला असतात, काका? मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, चांगलं नव्हतं. शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीने मला पप्पा म्हणून जोरात हाक मारली, तिच्या आईसारखी.

मग शेजारीण बसली. जायला पाहिजे होती, पण बसली, कोपऱ्यातल्या खुर्चीवर. आणि शांतपणे म्हणाली, "काका, काकू दर होळीला सासूबाईंना दोन पोळ्या द्यायच्या. याच डब्यात. यंदा राहून गेलं होतं. सकाळी तुम्ही डबा आणलात तेव्हा मला वाटलं, तुमच्या लक्षात राहिलं."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं समोरासमोर दारं, आणि माझ्या घरातून दर वर्षी दोन पोळ्या जात होत्या, मला पत्ता नाही. मी मुलीकडे बघितलं, तिलाही माहीत नव्हतं. मला वाटलं, ही माझं मन राखायला सांगत असेल. ओरडणाऱ्या म्हाताऱ्याला गप्प करायला. अजूनही कधी कधी तसं वाटतं.

ती पुढे म्हणाली, सासूबाई म्हणाल्या, वेलचीची सालं दातात येतात. दात नाहीत तरी म्हणाल्या.

हे ऐकून मी डोळे मिटले. बायको वेलची सालासकट कुटायची. सालातच वास असतो म्हणायची. मी जन्मभर पोळी खाताना सालं काढून ताटाच्या कडेला लावायचो आणि कुरकुर करायचो. हे शेजारणीला कोणी सांगणं शक्य नव्हतं. म्हणजे ती पोळी खरोखर कोणीतरी खाल्ली होती. तोंडात घालून, चावून, गिळून. संपली होती.

मुलीने लाडवांचा डबा उचलला आणि समोर त्यांच्या घरात नेऊन ठेवला. चादर झटकली. मग परत येऊन शेजारणीला म्हणाली, बस, जेवूनच जा. तिनेच मघाशी भुकेल्याला बोलवायचं म्हणून दार उघडलं होतं, आता तिला जा कसं म्हणणार. शेजारणीने कडू पाला तोंडात घातला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, हे कशासाठी? आणि तिला सगळं परत सांगायला लागलं, गुलाम, विटा, राजा. सांगणं माझ्याकडे होतं, म्हणून मी सांगितलं. राजा त्यांना सोडायला तयारच नव्हता, असं सांगताना मी अडखळलो. का ते माझं मला माहीत. मग ती म्हणाली, आमचे लोक पण जयंतीला असंच सांगतात, काका. आम्ही कोण होतो आणि कसे उठलो. दर वर्षी तेच सांगतात, पोरं कंटाळतात. नात हसली. मी जेवलो. माफी मागितली नाही, शेजारणीच्या ताटात हलेक जास्त वाढलं. तिने ते सगळं खाल्लं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मला सुटल्यासारखं वाटत नव्हतं, लुटल्यासारखं वाटत होतं. फ्रीजर उघडून बघायचो, वाटाण्याच्या पिशवीखाली काही नाही. माहीत असून बघायचो. जयंतीच्या दिवशी खालून ढोल वाजत मिरवणूक गेली, मी बाल्कनीत उभा राहून बघितली. एवढी माणसं नाचत होती, सुटल्याच्या आनंदात. मला त्यांचा राग आला नाही. मला फक्त कळत नव्हतं की माझं काय चुकतंय.

सण संपला त्या संध्याकाळी शेजारीण तोच डबा घेऊन आली. आत गरम चपात्या होत्या. म्हणाली, आज तुमच्याकडे पीठ नसेल. खरंच नव्हतं. मी चहा केला आणि दोन चपात्या उभ्याउभ्याच खाल्ल्या. मग डबा धुतला, पुसला आणि हातात धरून विचार करत बसलो, रिकामा कसा द्यायचा. मग लक्षात आलं, डबा तर माझाच आहे. परत द्यायचा नाहीये.

तरी घेऊन समोर गेलो. आत हलेक भरलं होतं, उरलेलं.

म्हातारी दाराजवळच्या खाटेवर बसली होती. मी स्टूल ओढून तिच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, आजी, पोळी कशी होती? मी तिच्याहून फार लहान नाही, पण ती मला नेहमी पोरासारखंच धरते.

"कंची?"

"पुरणाची. आमच्या हिने केलेली."

तिने थोडा विचार केला. म्हणाली, कडक होती. थंडीत ठेवून ठेवून पार चामडं केलं तुम्ही. दुधात घातली तवा उतरली. मग म्हणाली, सालं लई. दर साली सांगते तिला, सालं काढत जा, ऐकत नाही. गोड बरं होतं.

मी विचारलं, दर साली द्यायची का तुम्हाला? ती म्हणाली, तर. यंदा उशीर केला तिनं. मग माझ्या गालाकडे बघून म्हणाली, दाढी काढलीस ते बरं केलंस, भिकाऱ्यासारखा दिसत होतास.

म्हातारीचं आठवणं भरवशाचं नाही. कधी सकाळचं संध्याकाळी विसरते, सून सांगते. तेव्हा ती म्हणाली ते दर सालचं खरं, की सुनेने बोललेलं तिच्या कानावर राहिलं, हे मला कळायला मार्ग नाही. कमिटीने विचारलं होतं, सणातून काय शिकायचं. दुसऱ्याला जेवायला बोलवावं, दुश्मनासाठीसुद्धा थेंब टाकावा, हे तुमच्या पुस्तकात आहेच, ते तिथून घ्या. सुटका म्हणजे काय ते मला विचारू नका. ज्याला सुटायचं नाही त्याचं काय करायचं, हे कुठे लिहिलेलं असेल तर मला वाचून दाखवा.

मला एवढंच माहीत आहे की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा समोर गेलो. स्टूल ओढलं आणि पुन्हा विचारलं, आजी, पोळी कशी होती? ती म्हणाली, कंची? मी सांगितलं. ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, कडक होती म्हणून. सून आतून म्हणाली, काका, काल सांगितलं ना त्यांनी.

मी म्हटलं, सांगू दे.